चिखलबोडीचे बारा गुडघे

चिखलबोडीत भांडणाला कारण लागत नाही. शेताच्या धुऱ्यावरच्या बोरीवरून भांडतील, कोंबडीनं कुणाच्या अंगणात अंडं घातलं यावरून भांडतील, आणि काहीच सापडलं नाही तर मागचं भांडण कुठवर आलं होतं यावरून भांडतील. पण माशांच्या वाट्यांवरून त्या गावात कधी भांडण झालं नाही. याचं श्रेय एकाच माणसाला, इस्तारी मेश्रामला.

गाव मासे मारणाऱ्या ढिवरांचं, धानोऱ्याकडे जाणाऱ्या सडकेपासून दोन कोस आत. गावाला लागून मालगुजारांच्या काळचा मोठा तलाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एक दिवस ठरवून सगळं गाव जाळी घेऊन पाण्यात उतरतं. याला तिकडे तलाव मारणं म्हणतात. दिवसभराचा सगळा मासा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एका जागी ओतायचा आणि बेचाळीस घरांचे बेचाळीस वाटे पाडायचे. हे काम इस्तारीचं. पळसाची पानं अंथरून तो उकिडवा बसायचा तो अडीच तास उठायचा नाही. तराजू नाही, माप नाही. या पानावर रोहूचं डोकं गेलं तर त्या पानावर दोन शिंग्या जास्त, इथे मरळ तर तिथे मूठभर झिंगे वरून. वाटे झाले की त्याचा दोस्त झिंगू सगळ्यांकडे पाठ करून उभा राहायचा. इस्तारी एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचा, "हा कोनाचा?" झिंगू न बघता एका घराचं नाव घ्यायचा. ज्याचं नाव त्याचा वाटा, मग तो पोलीस पाटील असो की कोतवाल.

यावर कायदे दोनच. शेवटी जो वाटा उरेल तो वाटे पाडणाऱ्याचा. आणि कुणाच्या वाट्यात नासका मासा निघालाच, तर ज्यांच्या हातून तो नासला त्यांनी आपल्यातला एकेक ताजा मासा त्याला द्यायचा. एवढ्यावर ते गाव तीन पिढ्या सुखानं मासे खात आलं होतं.

अशा माणसाचे गुडघे अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात रुसले. बसला तर उठू देईनात, उठला तर बसू देईनात. त्या वर्षी इस्तारीनं दोन विटांवर बसून वाटे पाडले. आता विटांवर बसलं की नजर वर जाते, वाटा वरून दिसतो. आणि वाट्याची खरी उंची बाजूनंच कळते. एकविसाव्या वाट्यात एक कतला ज्यादा गेला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण लटारूच्या आलं. येणारच, कारण लटारू गेली दहा वर्षं दुसरं काही बघतच नव्हता.

"भाऊ," लटारू साऱ्या गावादेखत म्हणाला, "तुमचे गुडघे आता पेन्शनीत गेले. पुढच्या वर्सी मी पाडतो वाटे. तुमी मस्त खाटेवर बसून पाहा."

लटारू वाईट माणूस होता असं नाही. त्याच्या हाताला माप नव्हतं, एवढंच. त्यानं एकदा चार भावांत सीताफळं वाटून दिली होती, तर त्यातले तीन भाऊ अजून चौथ्याशी बोलत नाहीत. पण ते राहू द्या. इस्तारीला झोंबलं ते खाटेचं. जमीन म्हणावी तर अर्धा एकर, मुलं आपापल्या संसाराला लागून माजरीच्या खाणीकडे गेलेली. मान म्हणावा तर एवढाच, की वर्षातले अडीच तास सगळं गाव त्याच्या बोटाकडे बघायचं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गुडघे वाकले नाहीत तर तेही जाणार होतं.

त्याची बायको देवकाबाई हिला हे सगळे थेर वाटायचे. चाळीस वर्षं डोक्यावर माशांची टोपली घेऊन ती आठ गावं पायी हिंडत आली होती.

"मानसाचे गुडघे कामानं दुखते," ती म्हणायची. "तुमचे मानापायी दुखून राह्यले."

असं म्हणून वर तीच त्याला टोळीचं तेल गरम करून द्यायची. टोळी म्हणजे मोहाच्या बिया. त्यांचं तेल तिकडे सगळ्या दुखण्यांवर चालतं. इस्तारीच्या हिशेबानं एक शिशी महिनाभर पुरायला हवी होती, ती पंधरा दिवसांत तळाला जायची. इस्तारीला संशय उंदराचा आला.

"उंदीर तेल पेते का व?" त्यानं विचारलं.

"पेत असन," देवकाबाई म्हणाली, आणि नेहमीच्या सवयीनं दाराची चौकट धरून, "हं, माय" करत उठून चुलीकडे गेली.

दिवाळीनंतरच्या एका आठवडी बाजारात एक जीप आली. तीतून नाहीद नावाची तरणी डॉक्टरीण उतरली. चंद्रपूरच्या बांगडीवाल्याची मुलगी, तालुक्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात काम करायची. सुया टोचून दुखणं जातं असं म्हणणारे पुष्कळ, जात नाही म्हणणारेही पुष्कळ, पण मोजून बघणारे थोडे. नाहीदला मोजून बघायचं होतं. तिनं ताडपत्रीखाली बाकडं टाकलं आणि गुडघे दुखणारी माणसं गोळा केली. बाजारात तशी ती कमी नसतातच.

"अठ्ठेचाळीस माणसं घेणार," ती सांगायला लागली. "ज्याचा जो गुडघा जास्त दुखतो, तो एकच. निम्म्या लोकांना शास्त्रात सांगितलेल्या जागी सुया टोचणार. निम्म्यांना बाजूच्या भलत्याच जागी, वरवर. कोणाला कुठल्या, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. अभ्यास संपेपर्यंत तुम्हाला सांगणार नाही. आणि मलाही ठाऊक नसेल."

"तुमालेच ठाव नसन?" झिंगू म्हणाला. "मंग डॉक्टर कायच्या जी तुमी?"

"मला ठाऊक असलं, तर खऱ्या सुयांवाल्याला मी हसून विचारीन आणि तोही हसून 'बरं आहे' म्हणेल. मग सुईनं बरं वाटलं की माझ्या हसण्यानं, ते कसं कळणार? म्हणून मी पाठ फिरवून बसणार."

इस्तारीचे डोळे लकाकले. आयुष्यात पहिल्यांदा शहरातलं माणूस शहाण्यासारखं बोलताना त्याला ऐकू येत होतं.

"मंग हे तर आमचे वाटेच झाले न जी! झिंगू पाठ करून उभा राह्यते, तशा तुमी."

त्यानं तिला तलाव, पळसाची पानं, सगळं रंगवून सांगितलं. नाहीद खूश झाली. "अगदी तेच, भाऊ! तुम्हाला तर माझ्या सरांपेक्षा लवकर समजलं."

झालं! घोळ व्हायचा तो इथेच झाला. तिला वाटलं याला सगळं समजलं, याला वाटलं हिला सगळं समजलं. दोघंही समाधानानं हसले आणि कागदावर अंगठा उठला. चिखलबोडीची बारा माणसं अभ्यासात शिरली. त्यांत इस्तारी, झिंगू, मंगली नावाची एक फटकळ बाई, आणि लटारू. लटारूचा गुडघा खरंच दुखत होता की त्याला इस्तारीच्या गुडघ्यावर नजर ठेवायची होती, हे देव जाणे.

सोमवारी आणि शुक्रवारी बसनं तालुक्याला जायचं, सहा आठवडे, एकूण बारा खेपा. सुया टोचणारे इनायतभाऊ बल्लारपूरचे, साठीचे, हात हलका आणि तोंड भारी बोलघेवडं. त्यांच्यावर नाहीदनं बंदी घातली होती.

"चाचा, तुमच्या बोलण्यानंच लोकांचं अर्धं दुखणं पळतं. सुयांचा पत्ता मग कसा लागणार? पेशंटशी एक शब्द बोलायचा नाही."

म्हणून मधे पडदा लावला. पडद्याच्या अलीकडे माणूस, पलीकडे फक्त त्याचा गुडघा आणि इनायतभाऊ. माणसाच्या हातात कार्ड. त्यावर ना नाव, ना फोटो, नुसता नंबर. इनायतभाऊ नंबर बघायचे, आपल्या कुलपातल्या वहीत त्या नंबरला खऱ्या जागा की भलत्या ते बघायचे, सुया लावायचे आणि वीस मिनिटं मुकाट बसायचे. बिचाऱ्यांचं पोट फुगायचं. सुया टोचताना नाहीद मुद्दाम बाहेर. ती फक्त सुरुवातीला, मधे एकदा आणि शेवटी प्रत्येकाला दुखण्याचं विचारून लिहून घेणार होती.

पहिली खेप बिनघोर पार पडली. परतीच्या बसमध्ये लटारू कुरकुरला, "मले तर काईच नाई वाटलं. माह्या चिठ्ठीत भलत्याच जागा निंगाल्या वाट्टे."

"मंग पुढच्या खेपेले खऱ्या निंगन," झिंगू म्हणाला.

"काऊन निंगन? बाराही खेपा एकच नंबर हाये म्हनलं त्या बाईनं."

इस्तारी खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि त्याचं डोकं हळूहळू तापत गेलं. तलावावरची चिठ्ठी एका दिवसाची असते. आज तुझ्या वाट्याला काटे आले तर पुढल्या वेळी मरळ येईल, या आशेवर माणूस हसून काटे घरी नेतो. पण एकदाच चिठ्ठी, आणि बारा खेपा तोच वाटा?

"ज्याच्या वाट्याले काटे आले, त्यानं का दीड महिना काटेच चघळाचे?" तो म्हणाला. "हा कोनता न्याय?"

"बाईले सांगू," मंगली म्हणाली.

"नोको. पोर लहान हाये, तिच्याकडून राहून गेलं असन. सांगून काऊन लाजवाचं? आपनच सुदरून घेऊ."

सभ्यपणानं माणूस किती नुकसान करू शकतो पहा! दुसऱ्या खेपेपासून रिवाज पडला. बस तालुक्याला लागली की स्टँडमागच्या भिंतीआड बारा जण जमायचे. इस्तारी आपला दुपट्टा पसरून त्यावर बारा कार्डं मांडायचा. झिंगू पाठ फिरवून उभा. "हे कोनाचं?" "मंगलीचं." "हे कोनाचं?" "लटारूचं." शेवटचं उरेल ते इस्तारीचं. मग बारा जण शहाण्या पोरांसारखे रांगेनं दवाखान्यात. ज्या दिवशी डॉक्टरबाई विचारपूस करणार, त्या दिवशी विचारण्यापुरतं ज्याचं कार्ड त्याच्याकडे परत. कुणाची तक्रार म्हणून नाही. लटारूसुद्धा म्हणाला, "हे बरोबर झालं."

हाल झाले ते पडद्यापलीकडच्या माणसाचे. सात नंबरच्या गुडघ्यावर सोमवारी खेकड्यानं धरल्याची जुनी खूण होती. शुक्रवारी तो गुडघा गुळगुळीत, आणि खूण तीन नंबरवर! इनायतभाऊंनी चष्मा पुसला. पुढच्या आठवड्यात नऊ नंबरचा गोरा गुडघा काळाभोर होऊन आला. त्यांनी चंद्रपूरला जाऊन नवा चष्मा केला. चौथ्या आठवड्यात अकरा नंबरच्या केसाळ पुरुषी गुडघ्याखाली चक्क बायकी गोंदण उगवलं. कुणाला सांगावं तर बोलायची बंदी, आणि नाहीदला सांगावं तर ती म्हणेल चाचांची नजर गेली, आता सुया काढून घ्या. त्यांनी मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं, नंबर बघितला, आणि गोंदणाच्या वर नेमक्या जागी सुई लावली. ईद झाली की हे काम सोडायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आणि गुडघे? गुडघे सुधारले हो! पाचव्या आठवड्यात इस्तारी अंगणात उकिडवा बसला, आणि हात न टेकता उठला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. मग त्यानं नदीतले गोटे आणून पळसाच्या पानांवर वाटे पाडायची तालीम सुरू केली.

"पोरगं झालं गा म्हातारं," देवकाबाई म्हणाली. "आता पानी बी आनून देत जा."

त्यानं ऐकलं नाही, कारण तो गोटे मोजत होता.

वैशाख लागला. तलाव मारायला पाच दिवस उरले असताना नाहीद जीपनं चिखलबोडीला आली. इनायतभाऊही बरोबर. ती इस्तारीच्या खाटेवर बसली आणि मांडीवर कागद पसरले. गाव जमलं. कुंपणाला टेकून लटारू उभा राहिला.

"पाकिटं उघडली," ती म्हणाली. तिचा चेहरा काही खुललेला नव्हता. "बाकीच्या गावांत कुणाला फरक आहे, कुणाला नाही, वरखाली, जसं असतं तसं. पण चिखलबोडीचे बाराही जण सारखे सुधारले. खऱ्या सुयांवाले, भलत्या सुयांवाले, सगळे एका मापाचे! मी तीनदा मोजलं. काय खाता तुम्ही लोक? तुमच्या बारांनी माझा सगळा निकाल फिरवून टाकला. पण असू द्या. जे निघालं तेच लिहीन. परवा रिपोर्ट नागपूरला जाईल. आणि भाऊ, कबूल केल्याप्रमाणे तुमची चिठ्ठी सांगते. तुमचा नंबर भलत्या जागांचा होता."

इस्तारीची छाती आधी फुगली. बारा माणसं, बारा खेपा, आणि सगळे एका मापाचे! असे वाटे त्यानं तलावावरसुद्धा कधी पाडले नव्हते. मग 'तेच लिहीन' हे त्याच्या कानातून आत उतरलं आणि छाती खाली बसली. ही पोर लिहिणार होती की अमक्याला खऱ्या सुया लागल्या, तमक्याला भलत्या. आणि खरं तर सगळ्यांना सगळंच लागलं होतं.

गप्प बसलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. बोललं तर हिचं वर्ष बुडणार, गावाला लबाड म्हणणार, आणि कुंपणापाशी लटारू कान टवकारून उभाच होता. पाच दिवसांवर तलाव, आणि गुडघे आत्ता कुठे वाकायला लागलेले! पण वाट्यात नासका मासा आहे हे पाडणाऱ्या एकट्यालाच माहीत असलं, म्हणून तो ताजा होत नाही.

"बाई," तो म्हणाला, "लिहू नोका. वाटा नासला हाये."

आणि त्यानं दुपट्ट्यापासून सगळं सांगितलं.

नाहीदनं आधी कागदांकडे पाहिलं, मग झिंगूकडे, मग कपाळाला हात लावला. "दर खेपेला?"

"हो जी. पयली सोडली तं एक बी खेप नाई चुकोली," झिंगू अभिमानानं म्हणाला.

"अहो, मग मला सांगायचं तरी!"

"तुमाले वाईट वाटलं असतं," इस्तारी म्हणाला.

ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली, आणि मग हसणं थांबलं तरी पाणी थांबेना. "एक वर्ष, भाऊ," ती हळूच म्हणाली. "माझं एक वर्ष होतं ते."

इस्तारीला तोंड कुठे लपवावं कळेना. तेवढ्यात जीपपाशी उभे असलेले इनायतभाऊ ओरडले, "या अल्लाह! म्हणजे माझे डोळे ठीक आहेत!" आणि त्यांनी तिथल्या तिथे नवा चष्मा काढून खिशात घातला. सहा आठवड्यांचं तुंबलेलं बोलणं होतं. खेकड्याची खूण, गोरा गुडघा, गोंदण, सगळं त्यांनी गावाला साभिनय सांगितलं. मंगलीनं पदरानं तोंड झाकलं.

लटारू मात्र हसला नाही. "ज्यानं डॉक्टरबाईचे वाटे नासवले," तो म्हणाला, "तो गावाचे का पाडन?"

आता तुम्ही म्हणाल, हा लटारूही त्या बारांतलाच होता की! होताच. पण दुपट्टा इस्तारीचा होता.

"बरोबर हाये," इस्तारी म्हणाला. "यंदा तू पाड."

तलाव मारायच्या दिवशी नाहीद आणि इनायतभाऊंना गावानं आग्रहानं बोलावलं होतं. मासा चांगला निघाला. पाळीवर ढीग पडला, लटारू ऐटीत पानांपुढे उकिडवा बसला आणि इस्तारी हाताची घडी घालून लोकांत उभा राहिला. गुडघे ठणठणीत आणि काम काही नाही. त्याच्या जिवाला इतकं लागलं, की त्याला गुडघे दुखत होते तेव्हाचं बरं वाटलं.

सातव्या वाट्यापासून लोक कुजबुजायला लागले. नववा वाटा डोंगराएवढा, दहावा पानाला चिकटलेला. बाराव्या वाट्याला लटारू वाकून लांबची शिंगी उचलायला गेला, आणि तसाच राहिला. पुढे जाईना, मागे येईना. अभ्यास संपून काही महिने झाले होते, आणि त्याच्या गुडघ्यानं पुन्हा जुनं दुकान मांडलं होतं.

"भाऊ," तो दबक्या आवाजात म्हणाला, "उठवा न मले."

इस्तारी त्याच्या बगलेत हात घालायला खाली बसला, उकिडवा. आणि बसल्याबरोबर त्याची नजर वाट्यांच्या रांगेला आली. नवव्याची उंची त्याला बघवेना. हात आपोआप पुढे गेला, एक रोहू इकडे आला, दोन मूठ झिंगे तिकडे गेले. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. लटारू बसल्या बसल्या सरकत बाजूला झाला आणि स्वतःच पानं पुरवायला लागला. अडीच तासांनी बेचाळीस वाटे एका ओळीत उभे होते.

झिंगूनं पाठ फिरवली. पण इस्तारीनं वाट्यावर बोट ठेवलं नाही.

"आंधी एक काम राह्यलं," तो म्हणाला. "आपल्या हातून एक वाटा नासला हाये. डॉक्टरबाईचा. बारा जनानं नासवला, बारा जनानं भरून द्याचा. तिले मासे नाई, गुडघे पाहिजेत. आपल्या बारा घरचे बारा ताजे गुडघे, सुई न लागलेले. आन् या खेपेले चिठ्ठी एकदाच. जे निंगालं ते निंगालं. काटे तं काटे."

नाहीद काही बोलायच्या आत पाळीवर कल्ला झाला. झिंगूनं मोठ्या आनंदानं आपली सासू दिली. मंगलीनं नवऱ्याला पुढे ढकललं, "याचा कोनताबी घ्या, हा सगळाच दुखते." लटारूनं थोरला भाऊ दिला. नाहीद वही काढून नावं लिहीत होती, आणि मधूनच नाक पुसत होती. अकरा झाले.

"बारावा?" तिनं विचारलं.

इस्तारी ओशाळला. "माह्या घरचा राह्यला जी. पन घरी मी आन् बायको दोघंच. माह्या गुडघ्याले तं सुई लागली, आन् हिचे गुडघे लोखंडाचे."

देवकाबाई बायकांतून पुढे आली. तिनं डोक्यावरची रिकामी टोपली खाली ठेवली.

"लिहा, डॉक्टरबाई. देवकाबाई मेश्राम. डावा गुडघा. सात वर्सं झाले."

इस्तारी बघतच राहिला. "तुहा? तू कधी बोलली नाई!"

"तुमी कधी इचारलं?" देवकाबाई म्हणाली. "तेलाची शिशी का उंदीर पेत होता?"

सगळी पाळ खदखदून हसली. इनायतभाऊ तर खाली बसले. इस्तारीला मात्र हसता आलं नाही. बेचाळीस वाट्यांत कुठे एक शिंगी ज्यादा गेली ते त्याला बाजूनं बघून कळायचं, आणि त्याच्याच घरात चौकट धरून उठणारं माणूस त्याला सात वर्षं दिसलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, भर गावात, वाट्यांपुढे. त्यानं मान खाली घातली आणि पहिल्या वाट्यावर बोट ठेवलं.

दिवाळीनंतर बारा नवे गुडघे बसनं तालुक्याला जायला लागले. कार्डावर या वेळी फोटो होते. नाहीद आता शहाणी झाली होती. सोमवारी आणि शुक्रवारी देवकाबाई बसमध्ये, आणि टोपली इस्तारीच्या डोक्यावर. आठ गावं. पहिल्या दिवशी चार गावांतच त्याची मान आखडली. ओरडायचं काय ते त्याला सुचेना, एका दारात उभं राहून तो सवयीनं "हा कोनाचा?" असं ओरडला, आणि त्या घरच्या बाईनं कुत्रा सोडला.

संध्याकाळी देवकाबाई परतली की तो रोज विचारायचा, "कसा हाये गुडघा?" तिसऱ्या आठवड्यात ती दाराशी बसली होती, ती चौकट न धरता उठली. त्यानं लगेच बघितलं. आता तो बघायला शिकला होता.

"खऱ्या जागा लागल्या वाट्टे तुले," तो म्हणाला.

"ठाव नाई बापा. चिठ्ठी बंद हाये." देवकाबाईनं टोपली पालथी घातली. "बसमंदी बसाले भेटते. वीस मिनिटं कोनी उठ म्हनत नाई. मासे तुमी विकता. आन् घरी आली का तुमी इचारता. यातल्या कोनत्यानं बरं वाटून राह्यलं, थे त्या डॉक्टरबाईनं शोधावं."

इस्तारी चुलीपाशी उकिडवा बसला आणि त्यानं चहाला आधण ठेवलं, दोन कप, सारखे.